निवृत्तांची वसाहत वाढत असते, तेव्हा नेमकं काय वाढत असतं?

आत्याने माझ्यासमोर दोन कागद ठेवले. एक बारा पानांचं माहितीपत्रक, गुळगुळीत कागदावरचं, पानापानावर पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं. दुसरा चौसष्ट पानांचा करारनामा, चष्मा पुसून वाचावा लागेल इतक्या बारीक टायपातला. "पहिलं मी वाचलंय," ती म्हणाली. "दुसरं तू वाच, आणि मला कळेल असं सांग."

माहितीपत्रकात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता: वाढती. वाढती वसाहत, वाढत्या सोयी, वाढतं कुटुंब. करारनाम्यात हा शब्द एकदाही नव्हता. तिथे होतं ते "प्रस्तावित", "विकासकाच्या मर्जीनुसार" आणि "वेळोवेळी सुधारित दराने". हा लेख त्या दोन भाषांमधल्या अंतराबद्दल आहे.

प्रश्न एकट्या आत्याचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या अहवालानुसार २०१८ मध्ये इतिहासात पहिल्यांदाच जगात पासष्टीपुढची माणसं पाच वर्षांखालच्या मुलांपेक्षा जास्त झाली. एवढी माणसं पुढची वीस-पंचवीस वर्षं राहणार कुठे, हा आता मोठा धंदाही आहे आणि घराघरातला वादही.

आधी, ही वसाहत म्हणजे काय?

वृद्धाश्रम नव्हे. निवृत्तांची वसाहत म्हणजे ठरावीक वयापुढच्या लोकांसाठीच बांधलेली घरं. सोबत क्लबहाऊस, बाग, पोहण्याचा तलाव, कुठे दवाखाना, आणि या सगळ्याचा दरमहा मेन्टेनन्स. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात १९५४ मध्ये यंगटाउन नावाची अशी वसाहत उभी राहिली. पण ही कल्पना घराघरात पोचली ती शेजारच्या सन सिटीमुळे. डेल वेब या बिल्डरने १ जानेवारी १९६० ला तिथली नमुना घरं बघायला खुली केली आणि पहिल्याच शनिवार-रविवारी सुमारे एक लाख माणसं येऊन गेली. वेबची युक्ती साधी होती. घरं विकण्याआधीच त्याने गोल्फचं मैदान, क्लबची इमारत आणि दुकानं बांधून दाखवली. लोकांनी नकाशा बघून पैसे मोजले नाहीत, उभी गोष्ट बघून मोजले. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. अशा वसाहतीत देखभालीचे तीन थर असू शकतात. पहिल्या थरात तुम्ही तुमच्या घरात तुमच्या पायांवर राहता. दुसऱ्या थरात अंघोळ, औषधं, कपडे यांसाठी कुणाची तरी मदत मिळते. तिसऱ्या थरात चोवीस तास नर्स लागते. जाहिरात बहुधा पहिल्या थराची असते, मनातली भीती तिसऱ्या थराची. म्हणून पहिला प्रश्न हा, की दुसरा आणि तिसरा थर आज सुरू आहे की नकाशावर आहे? दोघांपैकी एकालाच तो लागला, तर दुसरा त्याच आवारात राहू शकतो का? नवराबायको पन्नास वर्षं एका घरात काढतात आणि शेवटची तीन वर्षं दोन गावांत, असं होऊ शकतं.

वाढीचा खरा फायदा: सगळेच नवे

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे.

हॉस्टेलचा पहिला आठवडा आठवा. कोणीच कोणाला ओळखत नाही, म्हणून सगळेच सगळ्यांशी बोलतात. खोलीची दारं उघडी असतात. तीन महिन्यांनी कंपू ठरतात आणि दारं लागतात. साठीनंतर माणसाला असा पहिला आठवडा पुन्हा मिळत नाही. जुने मित्र एकेक करून कमी होतात आणि नवे करायची जागाच उरत नाही. राहत्या इमारतीतले शेजारी सकाळी कामावर जातात, संध्याकाळी दमून येतात, लिफ्टमध्ये मान हलवतात. ते वाईट नसतात, त्यांना वेळ नसतो.

वाढत्या वसाहतीत हा पहिला आठवडा पुन्हा पुन्हा येतो. दर महिन्याला दहा-बारा नवी कुटुंबं येतात. त्यांना डॉक्टर कुठला चांगला, नळ दुरुस्त कोण करतं, हे विचारायचं असतं. विचारणाऱ्याला ओळख मिळते आणि सांगणाऱ्याला आपण कामाचे आहोत ही भावना. निवृत्तीनंतर ही दुसरी गोष्ट जास्त दुर्मीळ.

शिवाय संख्येचं एक बळ असतं. समजा शंभरात एकाला बासरी शिकायची आहे. दोनशे माणसांच्या वसाहतीत असे दोघेच निघतील आणि दोन आठवड्यांत वर्ग बंद पडेल. पाच हजारांच्या वसाहतीत पन्नास निघतील आणि शिक्षक स्वतःहून येईल. तेच हाडांच्या डॉक्टरांचं, तेच दवाखान्यापर्यंत जाणाऱ्या बसचं. लहान वसाहतीला या गोष्टी मागून मिळत नाहीत. मोठीकडे त्या चालत येतात.

यावर लगेच येणारी शंका: अशा ठिकाणची माणसं खरंच जास्त आनंदी, निरोगी असतात का? तिथे गेलात तर तसंच दिसतं. पण तिथे जाऊ शकली ती माणसं मुळातच धडधाकट आणि पैसा बाळगून असलेली होती, हे विसरू नये. जिममध्ये सगळे तंदुरुस्त दिसतात. त्यांतले किती जिममुळे तंदुरुस्त झाले आणि किती तंदुरुस्त होते म्हणून जिमला आले, हे नुसतं बघून कळत नाही.

चौथ्या टप्प्यातला दवाखाना

वाढती म्हणजेच अपुरी. माहितीपत्रकातल्या दवाखान्याच्या चित्राखाली बारीक अक्षरात "टप्पा ४" लिहिलं होतं. आत्याचं घर पहिल्या टप्प्यात. चौथा टप्पा कधी, तर "बाजारातील मागणीनुसार". म्हणजे पुढची घरं विकली गेली तर दवाखाना. आत्या आज एकाहत्तरची आहे. तिच्या गुडघ्यांना बाजारातली मागणी समजत नाही.

दरम्यान समोर ट्रक, धूळ आणि सकाळपासून ठोकाठोकी. शांततेसाठी जायचं आणि सहा वर्षं बांधकामाशेजारी काढायची, हा विनोद फक्त लांबून ऐकणाऱ्याला हसवतो. म्हणून वेबची युक्ती उलटी वापरायची. जे आज उभं आहे त्याचेच पैसे मोजायचे. जे नकाशावर आहे ते मिळालं तर बक्षीस समजायचं.

वाढीचा खर्च कोण भरतं?

इथे थोडं थांबू, कारण घोळ याच ठिकाणी सर्वात जास्त होतो.

वसाहत भरत असते तेव्हा मेन्टेनन्स बऱ्याचदा मुद्दाम कमी ठेवलेला असतो. बिल्डरला अजून घरं विकायची असतात. जास्त मेन्टेनन्स ऐकून गिऱ्हाईक पळतं, म्हणून तूट तो स्वतः सोसतो. शेवटचं घर विकलं गेलं की त्याला सोसायचं कारण उरत नाही. खरा खर्च त्या दिवशी समोर येतो. तोपर्यंत इमारतींना दहा वर्षं झालेली असतात, लिफ्ट आणि पंप दुरुस्तीला आलेले असतात, आणि बिल काढायची जबाबदारी रहिवाशांच्या संघाकडे नुकतीच आलेली असते. राहणाऱ्याला वाटतं संघ नालायक निघाला. खरं तर संघाच्या हाती बिल्डरची सवलत संपल्यानंतरचा हिशोब येतो.

यावर इलाज राखीव निधी. दरमहा थोडे पैसे बाजूला टाकायचे, म्हणजे छप्पर गळायला लागल्यावर घरोघरी हात पसरावे लागत नाहीत. हा निधी आज किती आहे आणि कुणाच्या सहीने निघतो, हे दोन प्रश्न विचारायला अजिबात लाजू नका.

वाढीचा भार वसाहतीच्या कुंपणाबाहेरही जातो. अमेरिकेतल्या फ्लोरिडात 'द व्हिलेजेस' नावाची निवृत्तांची अवाढव्य वसाहत आहे. २०२० च्या जनगणनेत आधीच्या दहा वर्षांत तिची वस्ती ३९ टक्क्यांनी वाढून सुमारे एक लाख तीस हजार झाली. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही महानगर क्षेत्राचा वाढीचा वेग इतका नव्हता. तिचा मोठा भाग ज्या समटर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) येतो, तिथे अर्ध्याहून जास्त लोक पासष्टीपुढचे आहेत. २०१९ मध्ये त्या काउंटीच्या कारभाऱ्यांनी मालमत्ता कराचा दर एका फटक्यात सुमारे २५ टक्क्यांनी वाढवला. वसाहत दक्षिणेकडे पसरत होती, तिकडे रस्ते हवे होते. आधीपासून राहणारे भडकले: घरं बिल्डर विकणार आणि रस्त्याचे पैसे आम्ही द्यायचे? पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२० च्या पक्षांतर्गत निवडणुकीत, तीन विद्यमान सदस्य घरी गेले. नव्या सदस्यांना रस्त्यांचा खर्च नव्या बांधकामांवरच्या शुल्कातून काढायचा होता. २०२१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने असं शुल्क किती वाढवता येईल यावरच मर्यादा घातली.

यात मला खलनायक दिसत नाही. नवे रस्ते लागतातच. पण "वसाहत वाढली की सगळ्यांचा फायदा" हे वाक्य ऐकलं की बिल कुणाच्या पत्त्यावर जाणार, तेवढं विचारून घ्यावं.

एकाच वर्षी लावलेली बाग

या विषयात लोकांच्या लक्षात सर्वात उशिरा येणारी गोष्ट ही.

एखाद्याने शंभर आंब्यांची कलमं एकाच पावसाळ्यात लावली तर ती एकाच वेळी मोहरतात आणि एकाच वेळी थकतात. शहाणा बागवान दर वर्षी थोडी थोडी लावतो. निवृत्तांची वसाहत बहुधा पहिल्या बागवानासारखी लागते. आठ-दहा वर्षांत सगळी घरं भरतात आणि येणारे जवळजवळ एका वयाचे असतात.

हिशोब मांडू. समजा प्रत्येक जण ६६ व्या वर्षी येतो आणि दहा वर्षं सारख्याच संख्येने घरं भरत राहतात. दहाव्या वर्षी सगळ्यात जुना रहिवासी ७६ चा, सगळ्यात नवा ६६ चा, सरासरी ७१. दहा वर्षं वाढ होऊनही सरासरी पाचच वर्षांनी वाढली, कारण नवे लोक ती खाली ओढत होते. आता बांधकाम थांबलं. कुणीच सोडून गेलं नाही असं धरलं तर पुढच्या दहा वर्षांत सरासरी सरळ ८१ वर जाते. नृत्याच्या वर्गाची खोली व्यायामोपचाराला लागते. कमिटीवर यायला कोणी तयार नसतं, आणि गाडी चालवणारे मूठभर उरतात, त्यांनाच सगळे फोन करतात.

प्रत्यक्षात काही लोक जातात, काही घरं विकली जातात आणि त्यांत पुन्हा पासष्टीतलं कोणीतरी येतं. त्यामुळे चित्र इतकं सरळ नसतं, आणि अवघड काळ कायमचाही नसतो. ढोबळमानाने पंधराव्या ते पंचविसाव्या वर्षाच्या मधली खिंड ओलांडली की घरं हळूहळू हात बदलतात आणि वयं मिसळतात. पण आज तुम्ही पासष्टीचे असाल आणि वसाहत दोन वर्षांची असेल, तर ती खिंड बरोबर तुमच्या पंच्याऐंशीच्या आसपास लागते. तुम्हाला सर्वात जास्त मदत लागेल तेव्हा शेजाऱ्यांनाही तितकीच लागत असेल.

"वय काय, कुठेही वाढणारच!" आत्याचं लगेच उत्तर. खरंय. फरक इतकाच, की साध्या वस्तीत तुमच्या मजल्यावर एखादा तीस वर्षांचा तरुण असतो, जो रात्री दोन वाजता स्ट्रेचरचं एक टोक धरू शकतो. इथे त्या तरुणाला पगारावर ठेवावं लागतं. ठेवलेला असेल तर प्रश्न नाही. तो किती जणांमागे एक आहे, आणि रात्रीही असतो का, हे बघायचं.

सन सिटीने ही खिंड कशी काढली ते बघण्यासारखं आहे. तिथली वाढ १९७८ च्या सुमाराला संपली, कारण जमीनच संपली. बिल्डर शेजारी सन सिटी वेस्ट बांधायला गेला. क्लब आणि मैदानं रहिवाशांच्या संस्थेकडे होती, पण इमारती जुन्या होत चालल्या. १९९९ पासून त्या संस्थेने एक नियम केला. घर विकत घेणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाने एकदाच ठरावीक रक्कम जुन्या सोयींच्या डागडुजीसाठी द्यायची. वाढ थांबलेल्या वसाहतीने घरांच्या खरेदी-विक्रीलाच उत्पन्न केलं. वसाहत कधीतरी थांबणार हे मान्य केलेल्या लोकांनाच असं सुचतं.

"नाही पटलं तर विकून बाहेर पडू"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याला दोन उत्तरं तयार ठेवलीयत.

पहिलं, तुम्ही घर विकत घेतलंय का, हे आधी तपासा. अनेक ठिकाणी तुम्हाला मिळतो तो फक्त राहण्याचा हक्क. न्यूझीलंडमध्ये ही पद्धत सर्रास आहे. तिथे सुरुवातीला भरलेल्या रकमेतून जाताना साधारण २० ते ३० टक्के संचालक, म्हणजे वसाहत चालवणारी कंपनी, कापून घेतो. या कापून घेण्याला स्थगित व्यवस्थापन शुल्क म्हणतात. राहताना जे मागितलं नाही ते जाताना वसूल करायचं, असा त्याचा साधा अर्थ. मधल्या काळात घराची किंमत वाढली तर ती वाढही बहुधा संचालकाकडे राहते. म्हणजे १०० भरून आत गेलात, बारा वर्षांनी तेच घर १५० ला पुढच्याला दिलं गेलं, तरी तुमच्या हाती ७० ते ८०. तिथल्या २००३ च्या कायद्याने म्हणूनच सही करण्याआधी स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेणं सक्तीचं केलंय, आणि सही केल्यावर विचार बदलायला कामाचे पंधरा दिवस दिलेत. तुमच्या ठिकाणी अशी सक्ती नसली तरी तुम्ही ती स्वतःवर लादून घेऊ शकता.

दुसरं, घर तुमच्या नावावर असलं तरी वाढत्या वसाहतीत ते विकणं कठीण. तुमचा स्पर्धक कोण? खुद्द बिल्डर. त्याच्याकडे कोरी घरं, नमुना घर, चहा देणारी माणसं आणि माहितीपत्रक. तुमच्याकडे नऊ वर्षं वापरलेलं स्वयंपाकघर. त्यात गिऱ्हाईक वयाच्या अटीमुळे आधीच मोजकं. वाढ चालू आहे म्हणून आपल्या घराची किंमतही चढत असणार, हे सरसकट धरून चालू नये.

"वयाचा नियम तर आपल्याच सोयीचा"

सोयीचा असतो, आपल्या घरी तो आडवा येईपर्यंत. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याप्रमाणे अशा वसाहतीतल्या किमान ८० टक्के राहत्या घरांत एक तरी माणूस ५५ किंवा त्यापुढचं असावं लागतं. उरलेल्या घरांचं आणि लहान मुलांचं काय, हे वसाहत आपल्या नियमांत ठरवते. बहुतेक ठिकाणी नातवंडांना वर्षात मोजके दिवस राहता येतं. सुट्टीपुरतं ते ठीक. पण मुलगी घटस्फोट घेऊन लेकरासह दारात उभी राहिली तर? यंगटाउनमध्ये साधारण अशीच वेळ आली. एक किशोरवयीन नातू आजी-आजोबांकडे राहायला आला, गावाने सवलत नाकारली. प्रकरण राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे गेलं, आणि १९९८ मध्ये गावाचा वयाचा नियमच गेला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सन सिटीच्या रहिवाशांनी शेजारच्या शाळांसाठीचे कर्जरोखे, म्हणजे रहिवाशांच्या करातून फेडायचं कर्ज, मतदानात वारंवार पाडले. आमची मुलं तर शिकून गेली, आम्ही का भरायचं? शेवटी १९७० च्या दशकात सन सिटी त्या शालेय जिल्ह्यातून बाहेर पडली. रहिवाशांचे पैसे वाचले. पण त्यांना उद्या इंजेक्शन देणारी नर्स कुठल्यातरी शाळेतच शिकणार होती, हे गणित कुणी मांडलेलं दिसत नाही.

मग आहे तिथेच राहावं?

तोही पर्याय आहे आणि त्याला नावसुद्धा आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतले प्राध्यापक मायकल हंट यांनी दाखवलं, की काही इमारती आणि मोहल्ले कुणी ठरवून न बांधताही ज्येष्ठांचे होऊन जातात. तरुणपणी एकत्र राहायला आलेली माणसं तिथेच म्हातारी होतात. त्यांना त्यांनी नैसर्गिकरीत्या घडलेल्या निवृत्त वसाहती म्हटलं. अशा ठिकाणी दहा-वीस घरांनी मिळून एक नर्स, एक गाडी, एक सुतार ठरवला तर अर्धं काम भागतं. अटी दोनच, जिने चढता आले पाहिजेत आणि शेजाऱ्यांशी बोलणं असलं पाहिजे. आत्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ज्यांच्याशी बोलणं होतं त्या तिघी आता नाहीत.

आत्याने काय केलं

तिने खरेदी केली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पहिल्या टप्प्यातलं एक घर तीन महिने भाड्याने घेतलं. मी तिला प्रश्नांची यादी करून दिली होती. ती तिने घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि स्वतःची पद्धत वापरली. रोज संध्याकाळी सात वाजता फेरी मारायची आणि कुठल्या खिडक्यांत दिवे लागलेत ते मोजायचं. विकली गेलेली, पण अंधारात असलेली घरं जास्त निघाली. लोकांनी गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेली. "वसाहत वाढतीये," तिने फोनवर सांगितलं, "माणसं त्या मानाने नाही."

पत्ते खेळायला चार जणी मात्र तिला पहिल्याच आठवड्यात मिळाल्या. त्यांतल्या एकीचा हात थरथरतो, म्हणून बाकीच्या तिची पानं लाकडी पट्टीच्या खाचेत उभी करून देतात. ती पट्टी दुसरीच्या नवऱ्याने करवतीने कापून केली. आत्याने भाडं आणखी तीन महिन्यांसाठी वाढवलंय. करारनामा अजून माझ्याकडेच आहे, चाळिसाव्या पानावर खूण घातलेला.